एंटविसलबाईंची जप्ती

माउंझी कुटुंबाच्या कधीच नसलेल्या तीनशेएक मेंढ्या मी एका दुपारी चहा पिता पिता त्यांच्या नावावर चढवल्या आणि त्याच कपात जप्तही करून टाकल्या. यात माझा माउंझींवर काही राग नव्हता. थोडा आळस होता आणि फुशारकी पुष्कळ होती.

त्या वर्षी मी प्रेस्टनला ऑड्री एंटविसल यांच्या हाताखाली उमेदवार बॅरिस्टर होतो. गुन्ह्यातून कमावलेला पैसा सरकारच्या वतीने काढून घेणे हे बाईंचे काम. गुन्हा शाबीत करणारे वकील वेगळे असतात. ते ज्यूरीसमोर हात पसरून बोलतात, त्यांची नावे वर्तमानपत्रात येतात. शिक्षा झाली, बातमीदार घरी गेले, की मग बाई आपली पिशवी घेऊन कोर्टात शिरत. चोराने कमावले किती, उडवले किती, आणि उरलेले सासूच्या नावावर कुठे ठेवले, एवढेच त्यांना हवे असे. "खरंखोटं, पाप-पुण्य हे सगळं वरच्या मजल्यावर," त्या म्हणत. "आपण तळघरातले. आपण फक्त विचारायचं, पैसे कुठे आहेत?"

तीस वर्षे हा एकच प्रश्न विचारल्याने त्यांची नजर बिघडली होती. आमच्या कारकुनाच्या मुलीच्या लग्नात नवरा-नवरी केक कापत असताना बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तंबू भाड्याचा आहे, वाजवणारे ओळखीतले आहेत, आणि व्याह्यांचं घड्याळ खरं आहे. पावती मात्र नसेल." कोर्टाबाहेर लावलेल्या गाड्यांवरून त्या आत कोण आरोपी आणि कोण वकील हे ओळखत, आणि वकिलांना ते आवडत नसे. स्वतः त्या डार्वनहून बसने येत. वडिलांचे तिथे जोडे दुरुस्तीचे दुकान होते. एका गृहस्थाला त्यांनी त्याचेच एक विसरलेले बँक खाते शोधून दिले होते आणि मग ते जप्त केले होते. तो त्यांना दर नाताळला तुरुंगातून शुभेच्छापत्र पाठवायचा. बाई ते खिडकीत लावायच्या.

तर नील माउंझीचा खटला आला. नील लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका खोऱ्यात गिल हेड नावाचे डोंगरी शेत कसायचा. शेत मालकीचे नव्हे. एका मोठ्या संस्थेची जमीन, आणि नील व त्याची आई मिळून तिचे कूळ. मेंढ्यांत भागत नाही म्हणून नीलने आपले गवताचे कोठार करचुकव्या सिगारेटवाल्यांना दिले. दोन हिवाळे तिथे गवताच्या गठ्ठ्यांमागे सिगारेटची खोकी राहिली. मग एका सकाळी पोलीस आले. नील तुरुंगात गेला आणि कागद बाईंच्या टेबलावर आले.

"टॉडहंटर, तू तिकडचाच ना?" बाईंनी विचारले.

मी क्लीटर मूरचा. ते गावही त्याच परगण्यात, पण आमच्याकडे खाणी होत्या, आणि खाणी बंद पडल्यावर त्यांच्या आठवणी. मेंढ्या मी पाहिल्या होत्या, पण शाळेच्या बसच्या खिडकीतून. खरे म्हणजे हे तेव्हाच सांगायला हवे होते. पण आमच्या चेंबरमधली बाकीची उमेदवार मंडळी ज्यांना स्वतःचे तलाव असतात अशा शाळांतून आलेली. त्यांच्यापाशी लॅटिन होते, फ्रेंच होते, ओळखीचे न्यायाधीश होते. माझ्यापाशी 'तिकडचा' एवढेच होते. ते मी सोडणार होतो होय?

"तिकडचाच, बाई."

"मग मेंढ्यांचं तू बघ."

"बघतो की," मी म्हणालो. पोलिसांच्या यादीतून मेंढ्यांचा आकडा घेतला, लिलावबाजाराचा त्या आठवड्याचा भाव घेतला आणि गुणाकार केला. उत्तर इतके भरघोस आले, की बाकी सगळी मिळकत त्यापुढे चिल्लर वाटू लागली. नीलच्या बाजूने मँचेस्टरचे लॅथमसाहेब होते. त्यांची मटणाशी ओळख बशीत झालेली. त्यांनी आकडा वाचला, "वाजवी आहे" म्हटले आणि मान्य करून टाकला.

कार्लाइलच्या कोर्टात त्या दिवशी पाच मिनिटांचे काम होते. दोन्ही बाजू एकमत, न्यायाधीशांना जेवायची घाई. नील काचेमागे दोन पहारेकऱ्यांमध्ये बसला होता. नियमाप्रमाणे न्यायाधीशांनी विचारले, की या मालमत्तेत आणखी कोणाचा हक्क आहे का. पंगत उठल्यावर 'आणखी काही वाढू का' म्हणतात, त्या सुरात.

मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. अंगात पावसाळी कोट, पायात चिखलाचे बूट, पण बूट मुद्दाम घासून आणलेले.

"मला बोलायचंय, साहेब. मी नॅन्सी माउंझी. नीलची आई."

"बोला."

"मेंढ्या विकणार म्हणतात."

"तसं ठरतंय."

"मग डोंगरावर कोण राहील?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला घराबाहेर काढायची गोष्ट इथे कोणी करत नाहीये."

"कळप गेला की घर जाणारच. संस्था आम्हाला ठेवेल कशाला? पण मी ते विचारत नाही, साहेब. मी विचारतेय, डोंगरावर कोण राहील?"

लॅथमसाहेब उठून म्हणाले, की या विषयावर त्यांना अशिलाकडून काही सूचना नाहीत. एवढे बोलून ते सूचनांपासून सुरक्षित अंतरावर बसले. न्यायाधीशांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"टॉडहंटर, त्या काय म्हणताहेत?"

"मेंढ्यांबद्दल म्हणताहेत," मी कुजबुजलो.

"ते मलाही कळलं."

मग बाई उठल्या आणि त्यांनी पंधरा दिवसांची तारीख मागून घेतली. कोर्टाला ते आवडले नाही, पण बाईंनी तीस वर्षांत कधी उगाच तारीख मागितली नव्हती, म्हणून मिळाली.

बाहेर आल्याबरोबर गिलेस्पीने आम्हाला गाठले. गिलेस्पी हा पोलिसांचा हिशेबनीस तपास-अधिकारी. चोरांच्या बँकांत तो जितका रमायचा तितका स्वतःच्या घरात रमत नसे. वसुलीतला काही हिस्सा त्याच्या खात्यालाही मिळतो, आणि या मेंढ्यांच्या जोरावर त्याने ऑफिससाठी नव्या खुर्च्या मनात मांडूनही ठेवल्या होत्या.

"बाई, समोरच्यानेही मान्य केलंय. कशाला उकरताय?"

"तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, गिलेस्पी. तुला येतं?"

"त्याला उत्तर कसलं? म्हातारीचं बोलणं ते."

"मग बघून येऊ. तूच गाडी काढ."

प्रेस्टनला परतताना आगगाडीत बाईंनी कांदा-बटाटा भरलेली पेस्ट्री उघडली, अर्धी मला दिली आणि खिडकीबाहेर बघत विचारले, "टॉडहंटर, तू मेंढीला कधी हात लावलायस?"

"नाही, बाई."

"जवळून पाहिलीयस?"

"बसमधून."

"बस थांबलेली होती का?"

"नाही."

त्यांनी पेस्ट्री संपवली, बोटे पुसली आणि पिशवीतून दुसऱ्या खटल्याचे कागद काढून वाचायला घेतले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे गिल हेडला गेलो. लॅथमसाहेबांनाही रीतसर बोलावणे होते. त्यांनी बुटांची सबब सांगितली. मिसेस माउंझींनी शेजाऱ्यांच्या मदतीने कळप खाली आणून दगडी भिंतींच्या वाड्यात कोंडून ठेवला होता. करड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या मेंढ्या आमच्याकडे अशा बघत होत्या, की जणू गुणाकार कोणी केला ते त्यांना ठाऊक आहे.

"हा तांबडा पट्टा बघा," मिसेस माउंझी एकीच्या लोकरीत हात खुपसून म्हणाल्या. "डाव्या खांद्यावर. ही गिल हेडची खूण."

"म्हणजे तुमची," बाई म्हणाल्या.

"माझी कशी? माझ्या सासऱ्यांच्या आधी इथे बर्केट होते. त्यांच्या वेळीही हाच पट्टा. आम्ही आलो तेव्हा कळप मोजून ताब्यात घेतला, जाऊ तेव्हा तेवढाच मोजून मागे ठेवायचा. कूळ बदलतं, बाई. कळप बदलत नाही. लोकर आमची, कोकरं आमची. मेंढ्या शेताच्या."

"संस्थेचा माणूस हे सांगेल?"

"सांगेल की. दर पाच वर्षांनी येऊन मोजतो मेला."

गिलेस्पी वाड्याच्या भिंतीला टेकून उभा होता. "आणि त्या तिकडच्या? त्यांच्यावर निळा ठिपका दिसतोय."

म्हातारीने कुत्र्याला उगाच हाक मारली, कुत्रा आला, तिने त्याला परत पाठवले. "त्या नीलच्या. त्याने दोन वर्षांमागे बाजारातून आणल्या."

"कशातून?" बाईंनी विचारले.

"त्याच पैशांतून असणार. लोकर विकून एवढ्या मेंढ्या घेता आल्या असत्या तर कोठार कशाला दिलं असतं त्याने?"

गिलेस्पीने वहीत लिहून घेतले. त्याला एक खुर्ची परत मिळाली.

"पण मला कळत नाही," तो म्हणाला, "वर डोंगरावर भिंत नाही, कुंपण नाही. शेजाऱ्याच्या कळपात जात नाहीत या?"

मिसेस माउंझींनी उत्तर देण्याऐवजी वाड्याचे फाटक उघडले. तांबड्या पट्ट्याच्या मेंढ्या बाहेर पडल्या आणि कोणी न हाकता, एकीमागे एक, ओढ्याकाठच्या वाटेने वर निघाल्या. वाटेत दुसऱ्याचेही गवत होते, आणि ते हिरवे होते. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. वर एका काळ्या कड्याखाली पोहोचल्या आणि पसरल्या. जणू खाली मारलेली रेघ आम्हालाच तेवढी दिसत नव्हती.

बाई बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. "इथेच थांबायचं, हे त्यांना कोणी सांगितलं?"

"त्यांच्या आयांनी. आणि त्यांना त्यांच्या आयांनी. कोकरू आईबरोबर पहिला उन्हाळा वर काढतं, तेवढ्यात शिकतं."

"आणि या विकून पुढच्या कुळाने बाजारातून दुसऱ्या आणल्या तर?"

"त्या महिन्याभरात तीन खोऱ्यांत सापडतील. त्यांना शिकवायला आई कुठली? आमच्या पुतण्यालाही कोणी शिकवलं नव्हतं, तो स्पेनला राहतो आता." मग त्या गंभीर झाल्या. "मी साहेबांना हेच विचारत होते हो. मला नीट मांडता आलं नाही."

"तुम्ही नीट मांडलं होतं," बाई म्हणाल्या. "आम्हाला नीट ऐकता आलं नाही."

एवढ्यावर आम्ही निघालो असतो. गिलेस्पीने तर किल्ल्या हातात घेतल्या होत्या. पण मिसेस माउंझींनी हात धुवायला आत बोलावले, आणि स्वयंपाकघरात शिरताच बाईंची ती नजर जागी झाली. जुन्या काळवंडलेल्या भिंतीत एक नवीकोरी, गडद हिरवी, चार तोंडांची लोखंडी चूल धगधगत होती.

"नवी दिसते."

"नीलने दिली. मागच्या थंडीत माझे गुडघे धरले होते ना, तेव्हा."

"भेट म्हणून?"

"आईला काय बिल लावतं का कोणी?"

"मग याची किंमत धरावी लागेल, मिसेस माउंझी. चूल कोणी नेणार नाही, पण तिचे पैसे नीलच्या हिशेबात चढतील. भेट दिली म्हणून पैसा बदलत नाही."

गिलेस्पी, ज्याने आजवर एका विदूषकाची सायकलसुद्धा जप्त करवली होती, तो बुटांकडे बघत म्हणाला, "राहू द्या हो बाई. चूल आहे."

"गिलेस्पी, मेंढ्या सोडायच्या तर चूल धरायलाच हवी. नाहीतर मी दयाळू आहे असा लोकांचा समज होईल."

मिसेस माउंझींनी चुलीच्या दांडीवरचा टॉवेल काढून बाईंच्या हातात दिला. "धरा. ऊब छान देते, खोटं कशाला बोलू? पण पैसे कुठून आणलेस, हे मी त्याला तेव्हाच विचारायला हवं होतं. थंडी होती, नाही विचारलं."

पंधरा दिवसांनी कार्लाइलला संस्थेचा माणूस येऊन कळपाबद्दल सांगून गेला, आणि मग बाई उभ्या राहिल्या. मेंढ्यांचा आकडा सरकारी बाजूने चुकीचा मांडला, त्या मेंढ्या आरोपीच्या नाहीत आणि चूक माझी आहे, असे त्या म्हणाल्या. 'माझी' म्हणजे त्यांची. मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो आणि माझे कान इतके तापले होते, की विगखालून वाफ निघाली असती.

न्यायाधीश म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मान्य केलेला आकडा सरकारच खाली आणतंय? असं माझ्या पाहण्यात नाही."

"सरकारला चुकीचा आकडा नको असतो, युवर ऑनर. निदान मी त्याच्याकडून उभी असेपर्यंत तरी."

लॅथमसाहेब उठले, म्हणण्यासारखे काही सापडले नाही म्हणून "आभारी आहे" म्हणाले आणि बसले. जिंकण्याची त्यांना सवय असावी, पण अशी नसावी.

मग बाईंनी उरलेले एकेक काढून घेतले. निळ्या ठिपक्याच्या मेंढ्या, गाडी, बँकेतली शिल्लक आणि चुलीची किंमत. त्या वेळी त्यांच्या आवाजात कुठे चढ नव्हता की उतार नव्हता. वाण्याने यादी वाचावी तसे चालले होते. चुलीचे नाव निघाले तेव्हा नीलने काचेमागून आईकडे पाहिले. म्हातारीने मान हलवली, 'असू दे' अशी. मेंढ्या डोंगरावर राहिल्या, भाडेपट्टा राहिला, घर राहिले. बाहेर आल्यावर मिसेस माउंझींनी बाईंशी हस्तांदोलन केले. आम्ही बॅरिस्टर लोक एकमेकांशी हस्तांदोलन करत नाही, जुनी रीत आहे. बाईंना इतक्या वर्षांत त्याची सवयच उरली नव्हती. त्यांनी तो हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

मला शिक्षा झाली ती वेगळी. महिनाभर दर बुधवारी मला लिलावबाजारात उभे केले, "मेंढीला हात लावून ये" म्हणून. मी चेंबरमध्ये शिरलो की कारकून खिडक्या उघडत. तलाववाल्या शाळेतली मंडळी मला 'मेंढपाळ' म्हणू लागली, आणि खरे सांगतो, ते ऐकायला मला वाईट वाटत नव्हते.

पुढच्या वसंतात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात चांदीची तबकडी मिळाली, तेव्हा त्यांनी ती उलटी करून मागचा शिक्का पाहिला आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "खरी आहे. पावती जपून ठेवा." तेच त्यांचे भाषण.

त्या शरदात एक दिवस त्यांचा फोन आला. त्या खोऱ्यात मेंढपाळांचा मेळा असतो. वर्षभरात चुकून एकमेकांकडे गेलेल्या मेंढ्या त्या दिवशी खुणा बघून परत करतात. बाईंना जायचे होते. का, ते त्यांनी सांगितले नाही. "तुझ्याकडे गाडी आहे," एवढेच म्हणाल्या.

मेळ्यात चुकलेल्या मेंढ्या थोड्याच होत्या, माणसे जास्त. बाईंनी कोंडवाड्यांपाशी फिरून प्रत्येक मेंढीचा खांदा तपासला. तांबड्या पट्ट्याची एकही चुकलेली नव्हती. त्या समाधानाने त्यांना भूक लागली. सभागृहाच्या खिडकीतून मिसेस माउंझी टेटी-पॉट वाढत होत्या, म्हणजे मटण, वर बटाट्याच्या खरपूस चकत्या आणि बाजूला लाल कोबीचे लोणचे. दोन बशा हातात आल्यावर बाईंनी पर्समधून कार्ड काढले.

"इथे फोन लागत नाही बाई, कार्ड कुठलं चालतंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खिसे उलटे केले. पार्किंगची पावती निघाली.

"असू द्या हो," मिसेस माउंझी म्हणाल्या. "पुढच्या खेपेला द्या."

रांगेतला एक टोपीवाला खेकसला, "नॅन्सी, हिला उधार? हिनेच तुझ्या नीलची गाडी नेली."

"गाडी नेली आणि मेंढ्या ठेवल्या. उधार माझं आहे, डग्लस. तू रांगेत सरळ उभा राहा."

"व्याज काय लावणार?" बाईंनी अगदी गंभीरपणे विचारले.

"तुम्ही लोक कोर्टात काय लावता?"

"शेकडा आठ."

"मग तेवढंच. मी काय जास्ती घेते की काय?"

बाईंनी बशी चाटूनपुसून संपवली. पण परतताना साऱ्या वाटेत त्या अवघडून बसल्या होत्या. उभ्या आयुष्यात कोणाचे काही ठेवले नव्हते त्यांनी.

पुढच्या शरदात त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मेळा हुकला. मी म्हटले, मी देऊन येतो पैसे. तर म्हणाल्या, "ज्याचं देणं त्याने द्यायचं. हे मी लोकांना इतकी वर्षं सांगितलंय, आता तुझ्या हातून पाठवू?" पोस्टाने पाठवायचे तर रक्कम हवी, आणि दोन बशांचा भाव तेव्हा आम्ही विचारलाच नव्हता. बाईंनी पत्र लिहून विचारले. उलट टपाली उत्तर आले: या आणि विचारा.

मागच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला डार्वनला गेलो होतो. यंदाचा मेळा जवळ आला होता, आणि त्या काठी घेऊन खोलीत फेऱ्या मारत होत्या.

"टॉडहंटर," त्या म्हणाल्या, "त्या बशीत मटणाचे तुकडे बरेच होते ना रे?"

"बरेच होते."

"मग मुद्दल मोठं असणार," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीला लागल्या.